दिगंबर उकिडवे आणि मगारिनो

दिगंबर उकिडवे यांना गावांच्या नावांचं वेड होतं. 'वेड' हा शब्द त्यांच्या पत्नीचा, शोभाताईंचा. ते स्वतः 'व्यासंग' म्हणत. ॲन आर्बरमध्ये एका मोटार कंपनीत गिअरबॉक्स डिझाइन करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्तीचा केक फ्रिजमधून संपायच्या आत त्यांना शोध लागला, की आपण इंजिनिअर झालो ही चूकच झाली. आपला मूळ पिंड भाषाशास्त्रज्ञाचा. भाषाशास्त्र शिकण्याची तसदी मात्र त्यांनी घेतली नाही. पिंडच तसा असल्यावर शिकायचं काय?

त्यांची पद्धत सोपी होती. नाव घ्यायचं, दोनचार वेळा मोठ्याने म्हणायचं, मधेच कुठेतरी तोडायचं, आणि आतून संस्कृत बाहेर पडेपर्यंत तुकडे हलवत राहायचं. मिशिगन म्हणजे मत्स्यगण. एवढी सरोवरं, एवढे मासे, आणखी पुरावा कशाला? शेजारचं इप्सिलांटी म्हणजे ईप्सित काहीतरी. 'लांटी'वर काम चालू होतं. ओहायोला मात्र ते हात लावत नसत. कारण शोभाताईंनी एकदा भर पंगतीत, "ते तर सरळच आहे की, 'अहो, या'," असं म्हटलं होतं आणि लोक इतके हसले होते, की त्या राज्याचं गांभीर्यच गेलं.

महाराष्ट्र मंडळात त्यांना दर कार्यक्रमात बोलायला मिळे. जेवण गरम होईपर्यंतचा वेळ त्यांचा, असं ठरूनच गेलं होतं. माइक हातात आल्यावर समोरच्या डब्यांतून वाफ येऊ लागली तरी ते थांबत नसत, आणि लोक ताटं हातात धरून टाळ्या वाजवत. त्या टाळ्या कशासाठी असतात, हा प्रश्न दिगंबररावांना तेव्हा पडत नसे. आता पडतो. ही सगळी हकीकत आता ते स्वतःच ज्याला त्याला सांगतात, आणि सांगताना स्वतःची बाजू अजिबात घेत नाहीत.

त्यांच्या शेजारी ट्रायको वेल्कोव्स्की राहायचा. मॅसेडोनियाचा, तरुणपणी अमेरिकेत आलेला, इथल्या शाळेत पोरांना गणित शिकवून निवृत्त झालेला. उंच, वाकलेला, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजून मापून. त्याची बायको वेस्ना होती तेव्हा त्या घरातून आवाज यायचा. ती गेल्यापासून फक्त रेडिओचा येई. दोन्ही घरांमध्ये एक बुटकं कुंपण होतं आणि त्यावरून वर्षानुवर्षं दोन्ही पुरुषांचं बोलणं चाललं होतं ते बर्फ, गवत आणि छपराच्या पन्हाळीत अडकलेली पानं या तीन विषयांवर.

सप्टेंबर आला की ट्रायको गॅरेजसमोर शेगडी मांडून लाल मिरच्या भाजायचा. मोठ्या, जाड, गोड मिरच्या. त्यांची सालं काढून, वाटून, तेलात तासन् तास परतून तो एक चटणी करायचा, तिला तो आयवार म्हणे. एक बरणी दरवर्षी शोभाताईंकडे यायची. त्या तिला 'ट्रायकोची चटणी' म्हणत आणि थालीपिठाबरोबर वाढत.

त्या वर्षी बरणी आणायला दिगंबरराव स्वतः गेले. ट्रायको शेगडीजवळ लॉनच्या खुर्चीत रेलून बसला होता. अंगात निळा टी-शर्ट, आणि छातीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: मगारिनो.

दिगंबरराव थबकले. अक्षरांकडे पाहत त्यांनी नाव तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं.

"हे काय आहे?"

"माझं गाव," ट्रायको म्हणाला.

"जुनं?"

"खूप जुनं. अगदी लहान. डोंगरावर."

दिगंबररावांच्या डोक्यात गिअर पडला. मगारि! मगध अधिक अरि! मगधाचे शत्रू! सिकंदराचं सैन्य पंजाबातल्या नदीकाठी अडून बसलं, पुढे मगधाची प्रचंड फौज आहे म्हणून परत फिरलं, हे त्यांनी शाळेत वाचलं होतं. ते सैनिक मूळचे कुठले? मॅसेडोनियाचे! घरी परतून त्यांनी डोंगरावर गाव वसवलं आणि ज्यांच्याशी लढायचं राहून गेलं त्यांच्यावरून नाव ठेवलं. दोन हजारांहून अधिक वर्षं हे रहस्य जगापासून लपून राहिलं होतं, आणि ते उलगडलं कुठे, तर एका गॅरेजसमोर, मिरच्यांच्या धुरात, दिगंबर उकिडवे यांच्या डोळ्यांत पाणी येत असताना.

"तुझ्या गावाच्या नावाचा अर्थ मला माहीत आहे," ते म्हणाले.

ट्रायकोने चिमट्याने एक मिरची उलटली. "तो तर सगळ्यांनाच माहीत आहे," तो म्हणाला.

समजूतदार माणूस इथे 'काय बरं तो?' असं विचारील. दिगंबररावांनी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत आहे म्हणजे परंपरेनेही तेच सांगितलंय, असा अर्थ त्यांनी काढला आणि बरणी छातीशी धरून ते जवळजवळ धावतच घरी आले.

"शोभा! ऐक, ट्रायकोचं गाव कुणी वसवलं माहितीये?"

"अहो, ते गाव ना, वेस्ना मला—"

"मधे बोलू नकोस. लिंक तुटते."

शोभाताईंनी सगळी उपपत्ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, बरणीचं झाकण उघडलं, बोट बुडवून चव घेतली आणि विचारलं, "मगारि कळलं. पण मग शेवटचं 'नो' कशाला?"

"तो प्रत्यय असतो."

"नाही, मला वाटलं, 'मगधाशी लढायला येता का?' 'नो!'"

दिगंबररावांनी हे मनावर घेतलं नाही. थोर कामात घरची माणसं अशीच वागतात, हे त्यांनी थोर माणसांच्या चरित्रांत वाचलेलं होतं.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांनी हा विषय मांडला. त्या दिवशी केटररची गाडी रस्त्यात अडकली होती, त्यामुळे त्यांना एरवीपेक्षा पुष्कळच जास्त वेळ मिळाला. एवढा वेळ त्यांना पूर्वी कधीच मिळाला नव्हता. ते नद्यांवर बोलले, नंद राजांवर बोलले, हत्तींवर तर फारच बोलले. पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर एक लाल बाण पाटण्याकडे तोंड करून निघून पंजाबातच कच खाऊन उलटा फिरला होता. 'मगारिनो' हा शब्द ते इतक्या प्रेमाने आणि इतक्या वेळा उच्चारत होते, की मागच्या रांगेतल्या पोरांनी मोजायचा खेळच सुरू केला. मंडळाचा अध्यक्ष यतीन हा तरुण, उत्साही, प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ करणारा मुलगा होता. त्याने हाही केला आणि मंडळाच्या चॅनलवर टाकला.

"काका, एकदम सॉलिड झालं यार," तो म्हणाला. आणि मग समोसे आले.

हिवाळा गेला. व्हिडिओ तीसचाळीस लोकांनी पाहिला. त्यातले बरेचसे स्वतः दिगंबरराव होते. आणि जुलैच्या एका सकाळी दारावरची बेल वाजली. दारात ट्रायको, आणि त्याच्याबरोबर त्याची नात एलेना. ती तिथल्याच युनिव्हर्सिटीत शिकत होती. तिच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये दिगंबरराव हत्तींविषयी बोलत होते.

"हे तुम्ही आहात ना?" एलेनाने विचारलं. "मी डेडोच्या गावाचं नाव सर्च करत होते. एरवी काहीच येत नाही, एक जुना फोटो येतो, बस. आणि या वेळी तुम्ही आलात! आम्हाला एक अक्षर कळलं नाही, पण आमच्या गावावर एवढं कुणीच कधी बोललेलं नाही."

'डेडो' म्हणजे आजोबा. डेडो मागे उभे राहून दाराच्या चौकटीकडे पाहत होते.

प्रकार असा होता, की मगारिनो गावात आता चारदोन म्हातारी माणसं उरली होती. बाकी सगळं गाव, मुलंनातवंडं धरून, डेट्रॉइटच्या आसपास राहत होतं. दर ऑगस्टमध्ये, गावच्या संताच्या दिवशी, ते सगळे एका चर्चमागच्या हॉलमध्ये जमत. हा व्हिडिओ त्यांच्यात सगळीकडे फिरला होता. पांढरी दाढी, चष्मा, बंद गळ्याचं जाकीट आणि मागे नकाशा, एवढं पाहून त्यांनी ठरवलं होतं, की या भारतीय प्रोफेसरांनी यंदा येऊन आपल्यासमोर इंग्रजीत बोलावं.

"ही इज नॉट अ—" शोभाताईंनी आतून सुरुवात केली.

"आय विल बी ऑनर्ड," दिगंबरराव मोठ्याने म्हणाले.

जाताना ट्रायको वळला. "दिगंबर," तो म्हणाला, "तू नक्की काय सांगणार आहेस?"

"सरप्राइज!" दिगंबरराव म्हणाले. आयुष्यात ट्रायकोने त्यांना विचारलेला हा पहिलाच धड प्रश्न, आणि त्याचं त्यांनी असं उत्तर दिलं.

ऑगस्टच्या भर उन्हात ते जाकीट घालून, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून हॉलवर पोचले. स्लाइड्स नव्याने केल्या होत्या. पहिल्या स्लाइडवर सोनेरी अक्षरांत: 'मगारिनो: शूरांचं गाव'. दारातच त्यांचं स्वागत झालं. कुणी हात दाबला, कुणी गालांवर मुके घेतले, कुणी "प्रोफेसर, प्रोफेसर" म्हणत खुर्ची ओढून आणली. एकदोघांना त्यांनी 'कॉल मी दिगंबर' म्हणून पाहिलं, पण प्रोफेसर नाही असं काही ते म्हणाले नाहीत. लांबच लांब टेबलांवर पाव, चीज, मातीच्या भांड्यांत भाजलेला पांढरा राजमा आणि आयवारच्या ओळखीच्या बरण्या मांडल्या होत्या. कोपऱ्यात एक जण ॲकॉर्डियन वाजवत होता.

सगळ्यांच्या अंगात तोच निळा टी-शर्ट होता. लहान पोरांपासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत छातीछातीवर मगारिनो, मगारिनो. दिगंबररावांना भरून आलं. एक अख्खी सेना आपल्या शोधाची वाट पाहते आहे, असं त्यांना वाटलं.

मग जेवणाची रांग लागली. त्यांच्या पुढे एक गोलमटोल बाई होती. ती आतापर्यंत त्यांच्याकडे तोंड करून हसत होती. आता ती राजमा वाढून घ्यायला वळली आणि तिची पाठ दिसली.

पाठीवर गाढव होतं.

झकास काढलेलं, लांब कानांचं, पुढचे पाय ताणून खाली बसलेलं गाढव. दिगंबररावांनी तिच्या पुढच्याची पाठ पाहिली. गाढव. त्याच्या पुढच्याची पाहिली. हॉलमध्ये नजर फिरवली तर जिकडे माणसं पाठमोरी होती तिकडे गाढवंच गाढवं बसलेली.

"एक्सक्यूज मी," त्यांनी त्या बाईंना विचारलं. "हा प्राणी इथे कशासाठी?"

"मगारे!" बाई आनंदाने म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी बेताचं होतं. दिगंबररावांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही हे पाहून त्यांनी दोन्ही हात कानांशी नेऊन पंजे हलवले आणि, राजम्याचा डाव तसाच हातात धरून, गाढवासारखा खणखणीत आवाज काढला. "मगारे. मगारिनो. येस?"

"येस," दिगंबरराव म्हणाले. त्यांनी ताट परत जागेवर ठेवलं, लॅपटॉपची बॅग पोटाशी धरली आणि ते थेट पुरुषांच्या स्वच्छतागृहात गेले.

आत त्यांनी दाराला कडी लावली. खिडकी होती, पण ती उंचावर होती आणि त्यांचं वय पंच्याहत्तरच्या घरात होतं. तरी त्यांनी तिचा विचार करून पाहिला. मग बाहेरून टकटक झाली.

"अहो," शोभाताईंचा आवाज. "बाहेर या."

"मला बरं वाटत नाहीये. आपण घरी जाऊ."

"पाठ पाहिलीत ना?"

आत नळ सुरू झाला.

"या बाहेर. राजमा छान झालाय."

ते बाहेर आले तेव्हा शोभाताईंच्या शेजारी ट्रायको उभा होता. त्याच्या हातात दिगंबररावांचं सोडून दिलेलं ताट होतं, वाढून आणलेलं. तिघं भिंतीकडेच्या बाकावर बसले. मग दिगंबररावांनी, बर्फ, गवत आणि पन्हाळ सोडून, उत्तर ऐकून घ्यायच्या इराद्याने ट्रायकोला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं.

"गाढव का?"

ट्रायको सावकाश सांगू लागला. पूर्वी गाव खाली नदीकाठी होतं. मोठा पूर आला आणि सगळं वाहून गेलं. लोक उरलंसुरलं सामान एका गाढवावर लादून निघाले. कुठे राहायचं यावरून त्यांच्यात भांडणं जुंपली. हा म्हणे इथे, तो म्हणे तिथे. शेवटी पाद्री वैतागून म्हणाला, गाढव जिथे बसेल तिथे देवाची इच्छा आहे असं समजा. सगळ्यांनी शपथ घेतली. गाढव चालत चालत डोंगर चढलं, अगदी वरच्या खडकाळ उतारावर पोचलं आणि बसलं.

"मग?"

"मग लोकांच्या लक्षात आलं की तिथे पाणी नाही. त्यांनी गाढवाला ओढलं, ढकललं, पाव दाखवला, शेपटी पिळली. हाललं नाही. आणि शपथ तर घेऊन झाली होती." ट्रायकोने मिशीवरून बोट फिरवलं. "तेव्हापासून आमच्या बायका खालून वर पाणी वाहतात. माझ्या आईने वाहिलं. देवाची इच्छा वगैरे काही नाही, दिगंबर. ते गाढव दमलं होतं."

"हे तू मला गेल्या सप्टेंबरातच का नाही सांगितलंस?"

"तू म्हणालास तुला माहीत आहे," ट्रायको म्हणाला.

एवढ्यात एलेनाने माइकवरून त्यांचं नाव पुकारलं. नावापुढे प्रोफेसर लावून.

दिगंबरराव बॅग पोटाशी धरूनच स्टेजवर चढले. पडदा लावलेला होता. एलेनाने त्यांच्या हातून वायर घेऊन लॅपटॉपला जोडली आणि पडद्यावर सोनेरी अक्षरं झळकली: शूरांचं गाव. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत काठी धरून बसलेल्या एका आजीने डोळे पुसले.

आता दोन रस्ते होते. एक, सगळं ठरल्याप्रमाणे म्हणून टाकायचं. या लोकांना ते आवडलंही असतं. आपण शूरांचे वंशज आहोत हे ऐकायला कुणाला आवडत नाही? दिगंबररावांनी घसा खाकरला. आणि त्यांची नजर शोभाताईंवर गेली. त्या कुणाशीही काही बोलत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या नजरेचं भाषांतर करायला भाषाशास्त्र लागत नाही.

त्यांनी लॅपटॉप मिटला.

"मी प्रोफेसर नाही," ते म्हणाले. "मी गिअरबॉक्स बनवायचो. मी इथे तुम्हाला सांगायला आलो होतो, की तुमचे पूर्वज सिकंदराच्या फौजेतले वीर होते. ही गोष्ट मी माझ्या लोकांना खूप वेळ सांगितली. त्यांना भूक लागली होती तरी सांगितली. आणि मघाशी जेवणाच्या रांगेत मी तुमची पाठ पाहिली."

मघाची ती गोलमटोल बाई हसली. तिला अर्ध्याहून जास्त कळलं नसावं, पण 'पाठ' कळली होती. तिच्यामागून सगळा हॉल हसला. दिगंबररावांना वाटलं होतं, की अशा हसण्याने माणूस जमिनीत जातो. तसं काही झालं नाही. उलट जाकिटाच्या आत जरा हवा खेळल्यासारखं वाटलं, म्हणून त्यांनी ते काढलंच.

"तुमच्या गाढवाची गोष्ट मला आत्ता ट्रायकोने सांगितली. आता माझी ऐका. लोक विचारतात, तुम्ही ॲन आर्बरच का निवडलं? मी सांगतो, झाडं, लायब्ररी, विद्येचं वातावरण. खोटं आहे. मी डेट्रॉइटला शिकलो आणि एका मित्राची जुनी गाडी घेऊन कॅलिफोर्नियाला निघालो. कॅलिफोर्निया इथून किती लांब आहे तुम्हाला माहीत आहे. मी तासभर गाडी चालवली. ॲन आर्बरच्या बाहेर गाडीतून वाफ निघाली आणि गाडी बसली. मेकॅनिक म्हणाला, पार्ट यायला वेळ लागेल. तोपर्यंत काय करायचं म्हणून एका कंपनीत इंटरव्ह्यू दिला. पार्ट आला, गाडी सुरूही झाली, पण मी अजून इथेच आहे. पन्नास वर्षं झाली."

"ती गाडी नव्हती!" मागून कुणीतरी ओरडलं. "मगारे!"

"मगारे," दिगंबररावांनी कबूल केलं, आणि हॉल पुन्हा फुटला.

मग पुढच्या रांगेतल्या आजीने काठी वर केली. तिचा प्रश्न एलेनाने इंग्रजीत सांगितला. "ती विचारतेय, आमच्या नावाचा अर्थ तर झाला. तुमच्या नावाचा काय?"

हा प्रश्न ऑफिसात वर्षानुवर्षं विचारला गेला होता आणि दिगंबररावांचं ठरलेलं उत्तर होतं: 'ध्यानस्थ बसलेला'. सहकारी माना डोलवत आणि इंडिया किती स्पिरिच्युअल आहे यावर बोलणं जाई. आत्ताही ते ओठांपर्यंत आलं होतं.

"दिगंबर म्हणजे आकाश हेच ज्याचं वस्त्र आहे तो," ते म्हणाले. "थोडक्यात, नागवा. आणि उकिडवे म्हणजे..." इंग्रजी शब्द चटकन आठवेना. म्हणून त्यांनी माइक खाली ठेवला, स्टेजच्या कडेला धरलं आणि ते सावकाश, गुडघ्यांचा आवाज करत, स्टेजवर उकिडवे बसले.

हॉल किती वेळ हसत होता ते त्यांना कळलं नाही. उठता येत नव्हतं, हे त्यांना कळलं. शेवटी ट्रायको वर आला आणि त्याने त्यांना काखेत हात घालून उभं केलं. ॲकॉर्डियनवाल्याने काहीतरी सुरू केलं, लोक हात धरून गोल नाचू लागले, आणि त्या नाचाच्या साखळीत दिगंबररावांना कुणीतरी ओढून घेतलं. त्यांचा पाय शेवटपर्यंत एकदाही बरोबर पडला नाही. जाताना कुणीतरी त्यांना एक निळा टी-शर्ट दिला. तो त्यांना तंग होतो, पण ते घालतात.

घरी परतताना गाडी शोभाताई चालवत होत्या.

"तुला केव्हापासून माहीत होतं?" दिगंबररावांनी विचारलं.

"वेस्ना होती तेव्हापासून. आम्ही कुंपणापाशी बोलत असू ना. गाढवाची गोष्ट तिने मला दोनतीनदा सांगितली होती. नवऱ्याच्या गावाची टिंगल करायला तिला फार आवडायचं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस!"

"सांगत होते. तुमची लिंक तुटत होती."

पुढचं मात्र इतकं सुरळीत झालं नाही. गणपतीच्या कार्यक्रमात दिगंबररावांनी मंडळासमोर उभं राहून चूक कबूल केली. लोकांनी ऐकून घेतलं, पण मजा गेली असं बऱ्याच जणांचं मत पडलं. "काका, गाढव ठीक आहे, पण ते मगधवालं जास्त भारी होतं," एक जण म्हणाला. व्हिडिओ काढून टाक, असं त्यांनी यतीनला सांगितलं, तर तो कळवळला. "काका, डिलीट नको ना! त्या लोकांनी शेअर केल्यापासून व्ह्यूज कुठल्या कुठे गेलेत." मग कुणीतरी त्यातला मुद्दा उचलून नाव न देता व्हॉट्सॲपवर टाकला. फिरत फिरत तो एक दिवस नागपूरच्या चुलतभावाकडून, जगन्नाथकडून, दिगंबररावांनाच आला. वर लिहिलेलं: 'प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटेल असं संशोधन'.

दिगंबररावांनी उत्तर लिहिलं: 'जगू, हे चूक आहे. त्या शब्दाचा अर्थ गाढव असा आहे.'

जगन्नाथरावांचं उत्तर लगेच आलं: 'तुम्ही लोक तिकडे राहून आपल्या इतिहासाला गाढव म्हणता याचं वाईट वाटतं. ज्या विद्वानाने हे शोधलं त्याचा थोडा तरी अभ्यास असेलच ना?'

दिगंबररावांनी 'तो विद्वान मीच' असं टाइप केलं, त्याकडे थोडा वेळ पाहिलं, ते खोडलं आणि नमस्काराचे हात जोडून पाठवून दिले.

पानं गळायला लागली तेव्हा एका दुपारी ट्रायको शिडी लावून पन्हाळ साफ करत होता. दिगंबररावांनी कुंपण ओलांडलं आणि शिडी धरली. एरवी आता पानांवर बोलणं व्हायचं.

"ट्रायको," दिगंबरराव म्हणाले, "वेस्ना कुठल्या गावची?"

ट्रायको वरच थांबला. मग खाली उतरला, हातमोजे काढले आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. वेस्नाबद्दल बरेच दिवसांत कुणी काही विचारलेलं नव्हतं, हे त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं.

"सुवो पोले," तो म्हणाला. "आमच्या डोंगराच्या पलीकडचं."

सुवो पोले. दिगंबररावांच्या डोक्यात ताबडतोब काहीतरी वळवळलं. सु... पोळी! सुपोळी! गव्हाचा प्रदेश! जिभेच्या टोकावर संस्कृत जमा होऊ लागलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. असं मिटून धरणं त्यांना अजून नीट जमत नाही. शोभाताई म्हणतात, चेहरा दाढ दुखत असल्यासारखा होतो.

"तुझी दाढ दुखतेय का?" ट्रायकोने विचारलं.

"नाही, नाही. तू सांग," दिगंबरराव म्हणाले. "तिला पहिल्यांदा कुठे पाहिलंस?"

ट्रायको सांगायला लागला, आणि शिडी तशीच भिंतीला लागून राहिली.